आत्यानं धरलेली जागा

“कोण बे तू? आँ? तिकीट काढायचं तू, रद्द करायचं तू, आन् म्हातारी धाडून द्यायची माज्या गाडीवर?”

फोन आत्याचा होता, आवाज मात्र आत्याचा नव्हता. आवाज असा होता की मी मोबाइल कानापासून हातभर लांब धरला तरी पुण्यातल्या आमच्या ऑफिसातली पलीकडची अख्खी रांग मान वर करून बघायला लागली, आणि कोपऱ्यातल्या चहाच्या मशीनमधून कुणी बटण न दाबता एक कप भरला. हे शेवटचं मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

“कोण बोलतंय?” मी विचारलं.

“डायवर बोलतोय, पाटोद्याहून! पुण्याची गाडी हाय ही. तुजी आत्या खिडकीच्या सीटवर बसलीय, त्या सीटचा पाशिंजर तिकीट घेऊन दारात उभा हाय, आन् मला तुज्या आत्याचं तिकीट रद्द दाखवतंय. उठवू का हिला?”

मागून आत्या कडाडली, “उठीव की! उठीव बरं! हात लावून तर बघ, मुडद्या!”

आता गाडी तिथं थांबलेलीच आहे आणि आत्या काही उठत नाही. तेव्हा तोवर हे प्रकरण काय होतं ते मी तुम्हाला सांगून घेतो.

आमची वस्ती पाटोद्याच्या वर, डोंगराच्या कडेला. तिथली शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर पाटोद्याला, आणि पाटोद्याला बापाची बहीण, म्हणजे ही आत्या. एकटी. एक खोली, एक पडवी, पडवीत म्हैस. मला तिच्याकडं ठेवलं आणि दहावीपर्यंत मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. भाकरी एवढी मोठी असायची की तव्यावर मावायची नाही. अर्धी भाजून झाली की फिरवून उरलेली अर्धी भाजायची. शनिवारी शाळा सुटली की मला वस्तीवर जायचं असायचं. स्टँडवर गाडी एक आणि माणसं तालुकाभरची.

गाडी अजून वळणावर असायची तोवर आत्या पदर खोचून पळायला लागायची. खांद्यावरचा तांबडा टॉवेल मुठीत गोळा करायचा आणि पळता पळता खिडकीतून आत भिरकावायचा. टॉवेल हवेत उलगडायचा आणि खिडकीच्या जागेवर असा पडायचा, जणू कुणी पाहुण्यासाठी अंथरलाय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडं एकदा टॉवेल पडला म्हणजे जागा गेली. रुमाल चालतो, पिशवी चालते, टोपी चालते, काहीच नसलं तर चप्पल चालते. माणसं दाटीवाटीनं उभी राहतील, एकमेकांच्या पायावर नाचतील, पण टॉवेल टाकलेल्या जागेवर बसणार नाहीत. बसला तर त्याच्या सात पिढ्या निघतात आणि पुढच्या गावी त्याला उतरवून द्यावं लागतं.

एकदा आत्यानं गडबडीत धारूरच्या गाडीत टॉवेल टाकला. तिच्या ध्यानात येईस्तोवर गाडी सुटली. टॉवेल धारूरला गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी कंडक्टरनं तो घडी घालून आणून दिला आणि म्हणाला, “आत्या, जागा तशीच हाय बगा. कुनालाच बसू दिलं न्हाई.” ही गोष्ट आत्याच सांगायची. मला वाढवून सांगायची सवय कुठून लागली, हे तुम्हाला आता कळलं असेल.

जागा धरायची मात्र ती दुसऱ्यासाठी. मी आत जाऊन बसायचो, खिडकीतून टॉवेल बाहेर द्यायचो, ती तो झटकून खांद्यावर टाकायची आणि गाडी दिसेनाशी होईस्तोवर उभी राहायची. ती स्वतः कुठल्या गाडीत बसलेली मला आठवत नाही. मी नोकरीला म्हणून पुण्याला निघालो तेव्हाही तिनंच जागा धरली. मी टॉवेल खिडकीतून परत दिला. गाडी हलली तशी ती गाडीबरोबर चालत म्हणाली, “एक डाव येते रं पुण्याला. तू कुठं बसून काम करतो ते बगून येते.”

ते ती तेव्हापासून म्हणतेय.

माझं काम काय, हे तिला समजावताना माझा घसा बसलाय. मी ऑटोमेशन टेस्टिंग करतो. डेव्हलपर लोक प्रोग्राम लिहितात. तो नीट चालतो का, हे माणसानं रोज बसून तपासायचं तर माणूस म्हातारा होईल. म्हणून मी दुसरा प्रोग्राम लिहितो, तो पहिल्याला तपासतो. कुणी कोडमध्ये काही बदललं की पाइपलाइन आपोआप सुरू होते. नवा प्रोग्राम बांधला जातो, टेस्टच्या सर्व्हरवर चढतो, माझ्या चाचण्या एकामागं एक पळतात. पास झाली ती हिरवी, नापास झाली ती लाल. सगळं हिरवं झालं तरच गाडी पुढं. मधे माणसाचा हात लागत नाही, आणि लागू नये यासाठीच मला पगार देतात.

आत्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी काम मशीन करतंय. मग तू घरी येत कावून न्हाईस?”

मी म्हणालो, आत्या, रेंज जातेय.

आमच्या कंपनीचं अ‍ॅप गाड्यांच्या तिकिटांचं. त्यात एक भानगड असते: एका माणसानं सीट निवडली आणि तो तिकिटाची माहिती भरत बसला, तर तेवढा वेळ ती सीट दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. ह्याची चाचणी माझ्याकडं आली. मी वाचलं आणि खुर्चीत उठून बसलो. हे तर मी पाचवीपासून बघत आलोय! मी चाचणी लिहिली आणि तिला नाव दिलं ‘टॉवेल’. आमच्या टीमच्या मॅडम, शिस्तीच्या बाई, चष्मा वर करून म्हणाल्या, “हे टॉवेल काय आहे?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “आणि लोक खरंच बसत नाहीत?”

“मॅडम, आमच्याकडं टॉवेलवर आमदारसुद्धा बसत नाही.”

त्यांनी नाव तसंच राहू दिलं.

चाचणीला खोटी गिऱ्हाइकं लागतात. बाकीचे लोक ‘युजर वन’, ‘युजर टू’ असली बिनचेहऱ्याची माणसं भरून मोकळे होतात. मी पुण्यात नवा होतो. एक खोली होती, खोलीत मी होतो आणि एक बादली होती, आणि आम्हा दोघांचं फारसं बोलणं होत नव्हतं. मी काय केलं, सगळा पाटोदा उचलला आणि सर्व्हरवर नेऊन वसवला. आत्याच्या शेजारी एक चाचा राहतो, हातगाडीवर फळं विकतो. हंगामात त्याच्या गाडीवरची सीताफळं एवढी मोठी असतात की एक विकलं की गाडी हलकी होऊन मागं उलटते. तो माझ्या चाचणीत सारखा पासवर्ड विसरायचा, कारण घराच्या कुलपाची किल्ली तो खऱ्यातही सारखी विसरतो. गणिताचे गुरुजी तीस फेब्रुवारीचं तिकीट मागायचे आणि प्रोग्रामनं त्यांना नम्रपणे नाही म्हणायचं. गावचे एक पुढारी रांग मोडून पुढं घुसायला बघायचे आणि प्रोग्रामनं त्यांना अडवायचं. ही चाचणी हिरवी झाली की माझ्या जिवाला जो गारवा मिळायचा तो पगाराच्या दिवशीही मिळत नाही.

आणि आत्या. पाटोदा ते पुणे, आजची गाडी, खिडकीची जागा.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबाइल नंबर लागतो. बाकीच्यांना मी कुठंच न लागणारे नंबर दिले. आत्याला तिचा खराच दिला. मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे. बाकी सगळे मोबाइलला पाठ आहेत. टेस्टच्या सर्व्हरवरून मेसेज बाहेर जातच नाहीत, तिथल्या तिथं जिरतात. त्यामुळं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

सकाळी ऑफिसात आलो की लोक पेपर वाचतात तसा मी निकाल वाचायचो. चाचा पासवर्ड विसरला, हिरवं. गुरुजी परत पाठवले, हिरवं. आत्यानं टॉवेल टाकला, दुसऱ्या माणसाला जागा मिळाली नाही, हिरवं. आत्याचं तिकीट निघालं, हिरवं. मग अगदी शेवटी, आत्याचं तिकीट रद्द, तेही हिरवं. आमच्या धंद्यात नियमच आहे, चाचणीनं जो पसारा मांडला तो चाचणीनंच आवरायचा. म्हणून आत्या रोज निघायची आणि रोज राहायची. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण खऱ्यातही ती तेच करत होती.

खऱ्यात तिला अडवणारी एकच होती: म्हैस. आता ह्या म्हशीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ही म्हैस आत्याशिवाय कुणालाही धार काढू देत नाही. आत्याच्या बांगड्यांचा आवाज आला तर पान्हा सोडते, नाहीतर लाथ. माझ्या बापाला तिनं लाथ मारली, चाचाला मारली, जनावरांच्या डॉक्टरला मारली, आणि तो डॉक्टर हल्ली पाटोद्यात फक्त कोंबड्या बघतो. चाचानं एकदा आत्याची साडी नेसून आणि बांगड्या भरून बघितलं. म्हशीनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं, चाचाला वाटलं जमलं, आणि मग तिनं मारली. आत्याला म्हणूनच कुठं मुक्काम करता येत नाही. सकाळची धार, संध्याकाळची धार, त्यांच्या मधे मावेल तेवढंच तिचं जग.

मी ऑटोमेशनवाला. मला राहवेल होय? मी धार काढायचं मशीन मागवलं. विजेवर चालणारं, नळ्याबिळ्या असलेलं. दिवाळीला घेऊन गेलो. आत्याला म्हणालो, “आत्या, हे एकदा बसलं की तू सुटली. चाचा नुसतं बटण दाबंल. तू ये पुण्याला, रहा महिनाभर.”

आत्या मशीनकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, “महिनाभर?” ह्या शब्दाला ती अशी हसली की तिच्या तोंडात अजून किती दात आहेत ते मला पहिल्यांदा कळलं.

मशीन लावलं. म्हशीनं आधी मान वळवून वास घेतला. पुढं काय झालं ते फार भराभर झालं. मशीनची बादली थेट कपिलधारच्या धबधब्यात सापडली असं चाचा आजही लोकांना सांगतो. मी स्वतः तिला चाचाच्या छपरावरून उतरवलं होतं, पण त्याचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं म्हणून मी त्याला खोडत नाही.

“ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली. “तिला हात लागतो.”

इथवर आलं ध्यानात? आता त्या सकाळकडं येऊ.

आदल्या दिवशी अ‍ॅपची नवी आवृत्ती खऱ्या सर्व्हरवर गेली होती, जिथून खऱ्या लोकांना खरी तिकिटं मिळतात. तिथं पानं नीट उघडतात का, एवढंच बघायला आमच्यातल्या एकानं पाइपलाइनमधला सर्व्हरचा पत्ता बदलला आणि परत जागेवर ठेवायला विसरला. कोण, ते मी सांगणार नाही, कारण तो मला रोज डब्यातली भाजी देतो. सकाळी पाइपलाइन सुरू झाली आणि माझा अख्खा पाटोदा टेस्टच्या सर्व्हरवरून उठून खऱ्या सर्व्हरवर चालून गेला. चाचा पासवर्ड विसरला. गुरुजींनी तीस फेब्रुवारी मागितली. आणि आत्यानं आजच्या गाडीचं, खिडकीचं, खरंखुरं तिकीट काढलं. चाचणीसाठी एक फुकटचं कूपन ठेवलेलं असतं. ते खऱ्या सर्व्हरवरही चालतं, हे कंपनीला त्या दिवशी कळलं.

तिकडं आत्याच्या पदराला बांधलेला मोबाइल वाजला. तिला वाचता येत नाही. तिनं चाचाला दाखवला. चाचानं वाचला आणि हातगाडी रस्त्यात सोडून ओरडला, “आत्या! भतीजे ने बुलाया तुमको! पुना का टिकट! खिडकी की सीट!”

हे सगळं मला नंतर चाचानंच सांगितलं, त्यामुळं त्यातलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा. त्याच्या म्हणण्याप्रमाणं आत्या उंबऱ्यात मटकन बसली. म्हणाली, “त्यानं काढलं? त्यानं सोता काढलं?” मग उठली आणि वादळासारखी कामाला लागली. सकाळची धार झालेलीच होती. भाकरी थापल्या, ठेचा वाटला, डब्यात खवा भरला, ठेवणीतलं लुगडं नेसली. चाचानं म्हशीची जबाबदारी छातीला हात लावून घेतली. आत्या निम्म्या वाटेवरून परत आली, म्हशीच्या कानात काहीतरी बोलली आणि पुन्हा गेली.

तेवढ्यात, तास-दीड तास पळून, माझ्या चाचण्या संपत आल्या, आणि नियमाप्रमाणं शेवटच्या चाचणीनं पसारा आवरला. तिकीट रद्द. पदराच्या गाठीत मोबाइल पुन्हा वाजला असणार. स्टँडच्या गलक्यात तो कोण ऐकतंय? ती रिकामी झालेली सीट लगेच दुसऱ्या एका माणसानं मोबाइलवरून घेतली. आणि आत्या? हातात तिकीट असलेली माणसं शांतपणे रांगेत उभी होती. आत्यानं लांबून गाडी बघितली, पदर खोचला आणि पळाली. टॉवेल खिडकीतून आत!

तिकीट असतानासुद्धा. सवय, दुसरं काय.

तर आता गाडीत या. ड्रायव्हर फोनवर माझ्या नावानं बोंबलतोय. दारात तो मोबाइलवाला. मला सगळं ऐकू येत होतं.

“आजी, ही सीट माझी आहे. हे बघा, माझ्या मोबाइलमध्ये आहे.”

“मोबाइलमदी बस मग!”

गाडीत हशा. मागून कुणीतरी पिकल्या आवाजाचा म्हातारा म्हणाला, “आवो पाव्हणं, टावेल टाकलाय न्हवं का बाईनं? टावेल टाकल्यावर तिकीट कसलं इचारता?”

“अहो, पण ऑनलाइन...”

“आनलाइन तुमच्या शेरात. हितं टावेल.”

मी ड्रायव्हरला म्हणालो, “दादा, उठवू नका. चूक आमच्या अ‍ॅपची आहे. मी त्याच कंपनीत असतो.”

मग ड्रायव्हर अत्यंत गोड आवाजात म्हणाला, “तुमीच व्हय ते अ‍ॅपवाले? लई दिवस झालं शोधायलोय तुमाला.” पुढं त्यानं आमच्या अ‍ॅपबद्दल जे सांगितलं ते मी बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, म्हणून नोंदवायला गेलो, तर सिस्टीमनं त्यातला निम्मा मजकूर घेतला नाही. शेवटी त्यानं मोबाइलवाल्याला स्वतःशेजारी केबिनमधे बसवलं आणि फोन आत्याकडं दिला.

“आत्या, निघालीस?”

“निघाले की. खिडकीत बसलेय.” तिचा आवाज असा कधी मी ऐकला नव्हता, बारीक, पोरीसारखा. “तू इशील न्हवं घ्यायला?”

“येतो की! न येऊन कसं?”

“दिसंल का रं तुजं हापिस? मला बगायचंय तू कुठं बसतो ते.”

“दाखवतो. खुर्चीवर बसवतो तुला माझ्या.”

गाडी सुटल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

मी जागेवरच नाचलो असतो, पण मॅडम समोर उभ्या होत्या. पाइपलाइन आधी बंद केली, पण बंद करेपर्यंत कुणीतरी कोड चढवल्यामुळं ती आणखी एकदा पळून गेली होती. माझ्या डोळ्यादेखत पडद्यावर आत्यानं पुढच्या गाडीत टॉवेल टाकला, आत्याचं तिकीट निघालं, आत्याचं तिकीट रद्द झालं. हिरवं, हिरवं, हिरवं. खरी आत्या त्या वेळी जामखेडच्या रस्त्याला लागलेली, आणि तिच्या पदरात ते मेसेज एकामागं एक वाजत असणार. शेजारच्या कुणी वाचून दाखवलं तर? मी फोन लावला. उचलला नाही. आमच्याच अ‍ॅपमधून ड्रायव्हरचा नंबर काढून त्याला लावला. गाडी चालवताना तोही उचलत नाही, आणि हे एका अर्थी बरंच आहे.

मग बैठक झाली. कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय, सगळं फळ्यावर. पत्ता बदलायला आता दोघांची मंजुरी लागणार, कूपन खऱ्या सर्व्हरवर बंद. मॅडम म्हणाल्या, “आणि ही खरी माणसं टेस्ट डेटामधून काढ. आत्यासुद्धा.”

एरवी मी भांडलो असतो. चाचाला काढायचं म्हणजे काय, गुरुजींनी तुमचं काय घोडं मारलंय, असं काहीतरी. त्या दिवशी मी म्हणालो, “काढतो, मॅडम, आत्ता काढतो.” खरी आत्या खिडकीत बसून येत होती. खोटी हवी कशाला? मी एका दमात सगळा पाटोदा मोकळा केला. चाचाच्या जागी युजर वन. गुरुजींच्या जागी युजर टू. पुढाऱ्यांना काढताना बोट जरा जोरात आपटलं. आत्याचा नंबर खोडला, तिच्या जागी युजर फोर लिहिलं, आणि चाचण्या पुन्हा चालवल्या. सगळं हिरवं. काहीच कमी झालं नव्हतं.

दुपारी रजा टाकली. खोली झाडली. बादली घासली. आत्याला खाली जमिनीवर टेकायला त्रास होतो म्हणून पाट आणला, नंतर लक्षात आलं की पाटावरून उठायलाच त्रास होतो, म्हणून एक स्टूल आणलं. उद्या ऑफिस दाखवायचं, मॅडमना भेटवायचं. ती मॅडमना काय म्हणेल ह्याची मला आधीपासून धास्ती होती आणि आधीपासूनच हसू येत होतं.

गाडी वाघोलीच्या गर्दीत अडकून दिवेलागणीला स्टँडवर आली. मी खिडकीखालीच जाऊन उभा राहिलो, आत्या उभी राहायची तसा. खिडकीत आत्या नव्हती. सीटवर तिची पिशवी बसली होती, नीट टेकून, तोंडाला तांबड्या टॉवेलची गाठ.

ड्रायव्हर खाली उतरला. प्रत्यक्षात माणूस एवढासा होता, एवढा आवाज कुठं ठेवत होता कोण जाणे.

“तुमीच का भाचे? जामखेडला चहाला थांबलो. म्हातारी उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा वेळ सूर्याकडं बगत ऱ्हायली, आन् पाटोद्याच्या जीपला हात केला. म्हणली, माजी जागा मोडू नका.”

“तुम्ही अडवलं नाही?”

“मी?” तो म्हणाला. “सकाळपासनं बगतोय मी तिला.”

नगरपासून गाडी खचाखच भरली होती म्हणे. माणसं दारापर्यंत उभी. त्या सीटवर कुणी बसलं नाही. केबिनमधला तो मोबाइलवाला स्वतःच येऊन सीटजवळ उभा राहिला होता आणि नवा कुणी चढला की त्याला सांगत होता, “टॉवेल आहे, टॉवेल आहे.”

मी पिशवी घेऊन रिक्षात बसलो. खोलीवर आल्यावर ती माझ्या कामाच्या टेबलापुढच्या खुर्चीवर ठेवली. तिला बघायचं होतं ना, मी कुठं बसतो ते. आतून भाकरीचा आणि ठेच्याचा वास येत होता. लॅपटॉप उघडायचा होता, पण खुर्चीवर टॉवेल होता. मी स्टुलावर बसलो आणि फोन लावला.

ह्या वेळी तिनं लगेच उचलला. मागं पडवीतल्या साखळीचा आवाज येत होता.

“आत्या, ऐक,” मी सुरू झालो. “ते रद्द मी नव्हतं केलं. मशीननं केलं. ते आपोआप होतं, पाइपलाइन असते, तिचा पत्ता चुकला होता. तुला जामखेडला कुणीतरी मेसेज वाचून दाखवला ना? म्हणून उतरलीस ना? मला तू यायला हवी होतीस, आत्या. मी खोली झाडली. स्टूल आणलं.” मी सर्व्हर सांगितला, मंजुरी सांगितली, कूपन सांगितलं, बोलता बोलता माझा आवाज कुठं कुठं गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मेसेज कुनी बगितला,” आत्या म्हणाली. “म्हशीची धार काढायची व्हती.”